मार्थाबाईंची प्रार्थना

बुधवार, संध्याकाळ

आज आमच्या घरी प्रार्थनासभा होती. मार्थाबाईंनी सगळ्यांसाठी मागितलं आणि शेवटी माझ्यासाठी. "हे प्रभू, भाऊ गेल्यापासून आमच्या या बहिणीला प्रार्थना होत नाही. नुसते ओठ हलवते. हिचं कठीण अंतःकरण मोड."

हे मी त्यांना एकट्यांनाच सांगितलं होतं, चर्चच्या फाटकापाशी, कुणाला सांगू नका म्हणून. त्यांनी देवाला सांगितलं. पंधरा माणसांसमोर, मोठ्यानं. डोळे मिटून बसलेली बाई उलट बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. आणि मी काय केलं? सगळ्यांबरोबर आमेन म्हणाले. सवयीनं!

निघताना म्हणतात, "रागावलीस व्हय गं? तुज्यासाटीच मागितलं की."

रोज संध्याकाळी मी आईला स्तोत्र वाचून दाखवते, मग तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करते. आज बायबल उघडलं तर म्हणाली, "राहू दे. तुला जड जात असेल." मुलगा गेलाय तिचा, आणि सांभाळून मला घेते. इतके दिवस मी तिला फसवत होते का? होते. पण त्यावर तिला झोप लागत होती. आता?

स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, प्रभू, त्या बाईची जीभ लुळी पडू दे. आठ महिन्यांत मनापासून केलेली ही पहिली प्रार्थना. त्या प्रार्थनेला आमेन म्हणवलं नाही. मागेही घेतलेली नाही.