बाटलीतलं तुळशीचं पान

मंगळवार, मार्गशीर्ष. बुऱ्हाणपूर.

ते पान डोळ्यांपुढून हलत नाही. दापोऱ्याच्या सखूबाईंच्या गाभण गाईला लघवीतून रक्त जातंय. नळी घालून, उकळलेल्या बाटलीत मोठ्या मुश्किलीनं नमुना धरला. नवी राज्यं झाली नि आमचं नागपूर सुटलं, म्हणून तपासणीला आता भोपाळला धाडायचा. मी हात धुवायला वळलो, तेवढ्यात बाईंनी बूच काढून आत तुळशीचं पान टाकलं! म्हणे, "गोमूत्र परमुलखात चाललं, तसंच कसं धाडू?"

ओरडलोच मी. गाईचे जंतू कोणते नि पानावरचे कोणते, आता कसं कळणार? उद्या पुन्हा नळी. तोवर गाय टिकेल ना? आणि तिचं वासरू?

निघताना बाई हळूच म्हणाल्या, "चुकलं, डाक्टरसाहेब. उद्या पान आधी चांगलं धुईन, मगच टाकीन."