डुलुथला जायच्या सकाळी

प्रिय रूडी,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते: बाबा ठीक आहेत. आत्ता खिडकीशी बसून कॉफीत वेलदोड्याचा पाव बुडवताहेत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवताहेत. मागच्या हिवाळ्यात पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा काही सरळ झाला नाही. मोजे मीच चढवते. शनिवारी सॉनाच्या वाफेत अंग शेकायला बाकावर चढताना त्यांच्या काखेत हात घालून उचलावं लागतं, आणि उचलताना ते मलाच शिव्या देतात. म्हणजे सगळं नेहमीसारखं. बर्फ यंदा लवकर आला. शाळेच्या स्वयंपाकघरात तीच ती मोठाली पातेली. मी मात्र थकते रे. घरी आले की कोट न काढताच खुर्चीत बसून राहते, आणि उठायचं आहे हे मनाला सांगण्यातच बराच वेळ जातो.

त्यात निळ्या गाडीनं मला छळलं. आई असताना घेतलेली ती, तूही तिच्यावरच शिकलास. सप्टेंबरपासून तिनं नवीनच नखरा सुरू केला. किल्ली फिरवली की स्टार्टर जोरात फिरायचा, इंजिन एकदोनदा खोकायचं, पण धरायचं नाही. पेट्रोलचा वास नाकात भरायचा. अॅक्सिलरेटर पार तळाला दाबून धरला की कधीतरी काळा धूर ओकत चालू व्हायचं. तोवर इतका उशीर झालेला असायचा की डुलुथला जाण्यात अर्थ उरायचा नाही. मग मी आत येऊन फोन करायची आणि तिकडची वेळ पुढे ढकलून घ्यायची. तिकडे शहरात माझं थोडं काम होतं.

बाबांना म्हटलं, गाडी गॅरेजमध्ये टाकते, तर केवढे भडकले! "माझ्या घरातली गाडी दुसऱ्याच्या दारात नेणार? मी काय मेलोय?" काठी टेकत ते आपल्या शेडमध्ये आले, उलट्या बादलीवर बसले आणि तिथून हुकूम सोडू लागले. लहानपणी मी त्यांना पाने-पकडी द्यायची, तू बाहेर हुंदडायचास, तस्सं. "स्टार्टर फिरतोय ना? मग बॅटरी नीट आहे. आता पेट्रोल बघ, ठिणगी बघ, हवा बघ. रडू नंतर." मी पेट्रोलचा फिल्टर बदलला. काही फरक नाही. हवेचा फिल्टर झटकला, तोही साफ. स्पार्क प्लग काढले तर एकूणएक पेट्रोलनं चिंब भिजलेले. मी म्हटलं, "बाबा, ठिणगी पडतेय, पण पेट्रोल फार येतंय." तर म्हणाले, "पंप गेला असेल." पंप गेला तर पेट्रोल कमी येईल, जास्त कसं येईल? हे मला त्यांनीच तर शिकवलेलं. वाटलं, वय झालं, डोकं चालेनासं झालं. तिथेच पायरीवर बसले. गरगरत होतं, आणि बाबांचंही असं व्हायला लागलं या विचारानं जास्तच गरगरलं. "काय गं, पांढरीफटक का पडलीस?" म्हणाले. मी म्हटलं, "पेट्रोलच्या वासानं."

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. शाळेत जाताना गाडी पहिल्या किल्लीला चालू व्हायची. दुकानात जाताना, चर्चला जाताना, कितीही गारठा असला तरी. अडायची ती फक्त डुलुथला जायच्या सकाळी. मी आधी म्हणत होते की त्या दिवशी मी पहाटे निघते, थंडी जास्त असते. पण थंडी अशी दिवस बघून पडत नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं तेव्हा मी किल्ली फिरवत बसले नाही. सरळ बॉनेट उघडलं. इंजिन गार आहे की गरम, हे गाडीला सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याची वायर निघाली तर गाडीला वाटतं बाहेर उत्तर ध्रुवासारखी थंडी आहे, आणि ती पेट्रोल ओतत सुटते. प्लग भिजतात, इंजिन गुदमरतं. एरवी अशा वेळी स्टिअरिंगसमोरचा इशाऱ्याचा दिवा लागतो, पण आपल्या गाडीत तो कित्येक वर्षं पेटलेलाच आहे, त्याच्याकडे बघतं कोण? त्या सेन्सरवर बसणारी वायरची टोपी बाजूला लोंबत होती. सैल होऊन निसटलेली नव्हती. तिची खिटी दाबून नीट काढलेली. आणि त्या काळपट धुळीत अंगठ्याचा रुंद ठसा होता. आपल्या घरात एवढा रुंद अंगठा एकाचाच आहे.

मी स्वयंपाकघरात गेले. ते ओटमील खात होते. मी विचारलं, "बाबा, सेन्सरची वायर तुम्ही काढता?"

चमचा खाली ठेवला नाही त्यांनी. म्हणाले, "सापडली? बराच वेळ लावलास. तू झोपलीस की काढायचो, नंतर गुपचूप परत लावायचो."

मला हसू की ओरडू कळेना. "अहो, पण का? मला एवढं फिल्टर, प्लग करायला लावलंत, बादलीवर बसून मजा बघत होतात?"

तेव्हा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तू फोनवर दार लावून बोलतेस. डुलुथ म्हणतेस, जागा कधी मिळेल म्हणतेस, किती आठवडे म्हणतेस. मला काय कळत नाही? मला म्हाताऱ्यांच्या घरात टाकायचं चाललंय तुझं. टाक. पण माझ्याच गाडीतून जाऊन माझी जागा ठरवायची नाही."

रूडी, उन्हाळ्यापासून हा माणूस हे पोटात घेऊन बसला होता. आणि मी तरी काय, आपल्या बापासमोर अशा गोष्टी कशा बोलायच्या म्हणून गप्प. आई असती तर तिला सांगितलं असतं. शेवटी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. जागा माझ्यासाठी हवी आहे, इस्पितळात. माझं रक्त थांबत नाही. वर्ष झालं. गर्भाशयात गाठी आहेत, कॅन्सर नाही, तपासलंय. पण अंगात रक्तच उरत नाहीये, म्हणून गर्भाशयच काढून टाकायचं आहे. त्या सकाळी जायचं होतं ते ऑपरेशनआधीच्या तपासण्यांना.

त्यांनी ओटमीलची वाटी बाजूला सारली. मग काठी घेऊन उठले. मी हात द्यायला गेले तर झिडकारला. शेडमध्ये जाऊन त्यांनी स्वतः प्लग पुसायला घेतले. मला हात लावू दिला नाही. सेन्सरची टोपी बसवली, किल्ली फिरवली, गाडी लागलीच चालू झाली. मग ते आतच बसून राहिले, हीटर सुरू करून. मी दाराशी गेले तेव्हा म्हणाले, "सीट गरम झालीय. जा आता. हळू चालव." आणि खाली उतरताना पहिल्यांदाच स्वतःहून माझा खांदा धरला.

तपासण्या झाल्या. ऑपरेशन नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या आठवड्यात आहे. त्यानंतर सहा आठवडे मी काही उचलायचं नाही, कॉफीची मोठी किटलीसुद्धा नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. बाबांना तर नाहीच. मी शेजारून कुणाची मदत मिळते का ते शोधत होते, तर बाबा म्हणाले, "रूडीला का नाही विचारत?" मी म्हटलं, तो कामात असतो, फोन केला की बघू म्हणतो. तर म्हणाले, "म्हणूनच फोन करू नकोस. लिही." तेव्हा लिहिते आहे. अॅरिझोनातून तू आलास तर थंडीनं हैराण होशील, बाबा तुला दिवसभर बोल लावतील, सॉनाची लाकडं तुलाच फोडावी लागतील. तरी ये. सहा आठवडे ये. आईच्या शेवटच्या आजारात मी तुला ये म्हटलं नव्हतं, तुझं तिकडचं सगळं नवं होतं तेव्हा. या वेळी म्हणते आहे. मला एकटीला नाही जमत आता.

तुझीच,
आयनो