पेरून झोपणारा माणूस

आई, येशूच्या दाखल्यातल्या त्या शेतकऱ्याचा मला फार राग यायचा. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी रुजतं, वाढतं, आणि कसं ते त्याला कळतही नाही. दिंद्रुडच्या आपल्या स्वयंपाकघरात तू भाकरी थापत होतीस आणि कॉलेजातून वादविवादाची ढाल जिंकून आलेली मी तुला विचारत होते, "हा कसला शेतकरी? ना निंदणी, ना राखण! नुसता झोपतो!" चुलीपुढं ऊसतोड्यांच्या पोरी जेवत बसलेल्या. आई-बाप कारखान्याकडं गेले की हंगामभर त्या आपल्याकडंच राहायच्या. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "अगं, त्याला झोप येती, हे लई मोठं हाय. तुला येती का?"

मला येत नव्हती. पोरींना फडात नेऊ नका, कोवळ्या वयात लग्नं लावू नका, असं तू त्यांच्या आयांना ठणकावून सांगावंस म्हणून मी पेटून उठायचे. आणि तू? ट्रक दारात उभा आहे, एक बाई लेकीचा हात ओढतेय, "बाई, हिचं औंदा लगीन उरकायचंय. शिकून काय करती?" तू म्हणतेस, "बरं. लगीन ठरस्तोवर तरी ऱ्हाऊ दे माझ्याकडं." एवढंच! काही राहिल्या. ती मात्र गेली, आणि नंतर कडेवर मूल घेऊन तुला भेटायला आली. मी तावातावानं म्हणाले, हरलो आपण. तू म्हणालीस, "लई बोलती तू. तिला पिठलं वाढ."

तू गेल्यानंतर, यंदा गावात ग्रामसभा झाली. पंचायतीच्या रिकाम्या इमारतीत दुकानांचे गाळे काढायचे, की ऊसतोड्यांच्या मुलींसाठी वसतिगृह करायचं, हा प्रश्न. मी दणदणीत भाषण तयार करून गेले होते. एक पुढारी उठून म्हणाले, "लोकाच्या पोरी गावानं कशापायी सांभाळायच्या?" मी उभी राहणार, तोच बायकांतून आवाज आला, "मामा, मीबी लोकाचीच पोरगी व्हते. बाईनं सांभाळली, म्हणून तर तुमाला शिकलेली सून घावली. नातवाचा अभ्यास कोण घेतं, सांगा की सभेला!" सभा खदखदून हसली. पुढारी टोपी सारखी करत बसले.

मग ती उठली. तीच, ट्रकमधून गेलेली. शेजारी तिची शाळेच्या गणवेशातली लेक. "मला नेलं व्हतं," ती म्हणाली. "हिला मी न्हाई नेणार. गावानं जागा दिली तरी, न्हाई दिली तरी."

आई, हातांचं रान उभं राहिलं! ठराव मंजूर झाला. जिला मी वाया गेलेलं बी समजले, तिच्यातच कणीस भरत होतं. तुझा शेतकरी आळशी नव्हता. वाढवणं आपल्या हातात नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि मातीवर त्याचा एवढा विश्वास होता की उकरून बघायची त्याला गरजच वाटली नाही. आता मी हे कुठल्याही व्यासपीठावरून गर्जून सांगेन.

पण पुढचं तिथं सांगणार नाही. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून इथं लिहिते. टाळ्या चालू होत्या, डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि तरी मी माईककडं बघत होते, की आता कुणीतरी मला दोन शब्द बोलायला बोलावील. कुणी बोलावलं नाही.