दाढेचा उपवास

२० सप्टेंबर
डाव्या दाढेत गार पाण्याने कळ. दवाखान्यात गेले. डॉक्टरीण रंजिता, आमच्या लेकीच्या, दीपालीच्या वयाची. मला आंटी म्हणाली. "आंटी, गड्ढा गहरा है, पर इसी हफ्ते भर दिया तो दाढ़ बच जाएगी." शिवाय सारखं गोड खायचं नाही, रात्री ब्रश करायचा. मी सांगितलं, दसऱ्याला मुलगी इंदूरहून येतेय, तिच्याबरोबर येईन. घाबरते म्हणून नव्हे. सोबत असली की बरं.

२२ सप्टेंबर
घट बसले. दसऱ्यापर्यंत उपवास. दाढेलाही आयता आराम. जेवणच नाही तर किडणार काय?
पेस्टवर बारीक अक्षरांत नमक लिहिलेलं दिसलं. साधं मीठ उपवासाला चालत नाही. आता बोट आणि पाणी. हे म्हणाले, "पेस्ट काय गिळते का तू?" मी चूळ भरली. उपवासात वाद नको.

२४ सप्टेंबर
पोटभर काहीच खात नाही. दर तासाला थोडंसं. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चहा. निंबोल्याहून भावाने केळी पाठवली. केळं मऊ, दाढेला भार नाही.
हे म्हणाले, "हा उपवास आहे का मिठाईचं दुकान?" स्वतः दोन लाडू खाऊन म्हणाले.

२६ सप्टेंबर
कळ कानापर्यंत. लवंग धरली. दीपालीने फोनवर विचारलं, मम्मी, आवाज असा का? म्हटलं, तोंडात लाडू आहे. होताच.

२९ सप्टेंबर
दुखणं थांबलं! एकदम. गार पाणी मुद्दाम दाढेवर धरून पाहिलं. काही नाही. उपवासाचा गुण. डॉक्टरणीला सांगायला हवं, आंटींनाही थोडं कळतं.

३० सप्टेंबर, अष्टमी
दीपालीचा फोन. कंपनीत अर्जंट काम निघालं, दसऱ्याला येत नाही. "दिवाळीत पक्का, मम्मी." म्हटलं, ठीक आहे. काही वाटलं नाही. तिच्यासाठी घातलेली गादी उचलून ठेवली. लाडू खाल्ला.
दवाखान्याचं आता काय कामच नाही. दुखतच नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
उपवास सुटला. मावा जिलेबी. हे म्हणाले, "गाल बघ आरशात." म्हटलं, उपवासाने तब्येत सुधारली. ते म्हणाले, "एकाच बाजूची?"

३ ऑक्टोबर
यांनीच दवाखान्यात नेलं. रंजिताने फोटो काढला. नस मर गई आंटी, म्हणाली, म्हणून दुखणं थांबलं होतं. आत पू आहे. दाढ पोखरून फुटलीय, भरण्यासारखी उरली नाही. काढावी लागेल. आधी पाच दिवस गोळ्या.
मी विचारलं, त्या आठवड्यात आले असते तर? ती हातमोजे काढत म्हणाली, छोड़िए ना आंटी.

८ ऑक्टोबर
सूज उतरली. दाढ काढली. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालं. इतक्या वर्षांची दाढ, निघाली तेव्हा काहीच जाणवलं नाही. ट्रेमध्ये दाखवली. कोणाचीही असू शकली असती.
घरी येऊन खुर्चीत बसले. हे म्हणाले, "हनुवटी पूस." हात लावला. ओली होती, गालही. म्हटलं, चहा सांडला असेल, तोंड बधिर आहे ना.
ते म्हणाले, "चहा अजून गॅसवर आहे."