वर आलेल्या रेघा

ता. ९ एप्रिल

दादा,

नमस्कार. वहिनींना आणि दोघी मुलींना माझी आठवण सांग. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून तेही लिहून टाकते. बाबांचं म्हणशील तर खाणंपिणं व्यवस्थित, चालणं माझ्याहून ताठ, फक्त डोकं कधी जागेवर तर कधी सहलीला गेलेलं. परवा मला क्लबच्या सेक्रेटरी समजून उभे राहिले आणि रजा मागायला लागले. मी म्हटलं, मंजूर. खूश होऊन परत झोपले.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू 'बरं' म्हणतोस आणि वहिनींच्या हातात देतोस. कागद तरी तुला शेवटपर्यंत स्वतःच धरावा लागेल.

सांगायचं तेच आहे. तू ये. बाबा तुला ओळखताहेत तोवर ये. मागच्या वेळी हेच लिहिलं, तर तू उत्तरात मुलींच्या परीक्षांचं वेळापत्रक पाठवलंस. ते मी फ्रिजवर चिकटवलंय. परीक्षा आता संपल्या आहेत, एवढंच तुझ्या कानावर घालते.

बाकी मोठी बातमी मैदानाची. आपल्या मैदानावर आता गवत राहणार नाही. हॉकीसाठी कृत्रिम टर्फ बसवणार आहेत, निळ्या रंगाचं. गवतावर चेंडू उड्या मारतो म्हणे. टर्फवर पाणी मारलं की तो सरळ सुटतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे सतरंजीवर खेळणार? मग बूट दाराशी काढून या म्हणावं." कंत्राटदार मापं घेऊन गेला. हॉकीला कुठेही जा, एकच माप, एक्याण्णव मीटर आणि वर चाळीस सेंटिमीटर लांब, पंचावन्न मीटर रुंद. शिवाय चारही बाजूंनी मोकळी पट्टी, धावत बाहेर गेलेला खेळाडू भिंतीवर आपटू नये म्हणून. त्या पट्टीत रोलरच्या शेडजवळचा कोपराही जातोय.

फुटबॉलवाले रुसलेत, क्रिकेटवाले तर बोलतच नाहीत माझ्याशी. जसं काही मीच त्यांना घराबाहेर काढलं. बाबा आपल्याला या खेळांची ओळख नातेवाइकांसारखी करून द्यायचे, आठवतं? फुटबॉल समजूतदार, लांबीरुंदीत थोडं कमीजास्त झालं तरी चालवून घेतो. टेनिसचा नखरा मोठा, कुठे माती हवी, कुठे गवत, कुठे सिमेंट, आणि प्रत्येक ठिकाणी चेंडू वेगळा वागणार. क्रिकेटची खेळपट्टी तेवढी खरी, बाकी जे उरेल ते मैदान. इतक्या सगळ्यांचे संसार एकाच जमिनीवर मांडायचे, म्हणजे रोज एकाचं पुसायचं आणि दुसऱ्याचं आखायचं. सामानही सामाईक, याचा दोर त्याला, त्याची पोती याला. बाबांनी आयुष्यभर तेच केलं, त्यांच्यानंतर मी करतेय. आता निळ्या सतरंजीवर पांढऱ्या रेघा कारखान्यातूनच येणार. मी फक्त झाडू मारायचा.

तर त्या कंत्राटदाराने पाणी बंद करायला सांगितलं. जमीन वाळली की मशीनला खणायला सोपी. मी पाणी बंद केलं. गवत पिवळं पडायला लागलं आणि त्याच्याबरोबर रेघा वर आल्या.

आता आम्ही रंग वापरतो, पण बाबांच्या काळी चुना होता, आणि बाबांचा हात सढळ. वर्षानुवर्षं त्याच त्या जागी चुना पडून आतली मातीच बदललेली. पाणी मिळत होतं तोवर सगळं सारखं हिरवं दिसायचं. पाणी तुटलं तसं चुन्याच्या जागेवरचं गवत आधी मेलं. पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवरून पाहिलं की सगळी मैदानं एकदम दिसतात. धावण्याची जुनी लंबगोल वाट, तिच्या पोटात फुटबॉलचं मधलं वर्तुळ, त्याला कापून जाणारा हॉकीचा अर्धगोल. आपण लहान असताना जे जे इथे खेळून गेले, ते सगळे एकाच वेळी येऊन उभे राहिल्यासारखं वाटतं. भर दुपारी मला तिथे एकटीला जायची भीती वाटते, हसू नकोस.

कोपऱ्यातही रेघा वर आल्या आहेत. त्याचं नंतर लिहिते. भाजी करपेल.

ता. १३ एप्रिल

वरचं लिहून पत्र तसंच पडून राहिलं. भाजी करपली नाही, मीच उठून पळाले होते.

कोपऱ्यातलं ते मैदान तुला माहीत आहे. कुठल्याच खेळाच्या मापात न बसणारं. कंत्राटदाराच्या इंजिनिअरने विचारलं, "मॅडम, हे कशाचं आखलंय?" मी म्हटलं, "काही नाही, जुनं काहीतरी." त्याने बुटाच्या टोकाने ती रेघ उकरून पाहिली. त्या क्षणी त्याला ढकलून द्यावंसं वाटलं मला. बिचाऱ्याचा काय दोष.

आपल्या धाकट्याच्या सहा वर्षांच्या पायांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावताना दम लागू नये, इतकीच त्याची लांबी. बाबांनी मापाची फीत वापरलीच नव्हती. त्याला धावायला लावलं आणि तो हातपाय पसरून जिथे लोळला तिथे रेघ मारली. गोलही तसाच, वेल्डरकडून पाइपचा करून घेतलेला, दोघांना उचलून कुठेही नेता येईल असा. तू एका बाजूने धरायचास, बाबा दुसऱ्या. मी जाळी सांभाळत मागून.

रेघा वर आल्यापासून बाबा रोज दुपारी तिकडे जातात. आधी मला वाटलं, जुनं काम आठवलं असेल. मग एकदा मागोमाग गेले. ते रेघेबाहेर उभे होते आणि बोलत होते. "सावकाश, भिंगरी. रेघेच्या आत. असं नाही, पायाच्या आतल्या बाजूने मार." दादा, एकटा माणूस बोलतो तसं ते बोलत नव्हते. मध्ये थांबत होते, उत्तर ऐकल्यासारखे थांबत होते, आणि मग हसत होते. ते जिकडे बघत होते तिकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

लिहिलं एकदाचं त्याचं नाव. या घरात ते शेवटचं कधी उच्चारलं गेलं, सांगता येईल तुला? आईने तर आरशामागचा त्याचा फोटोही काढून कपाटात ठेवला होता. आता बाबा रोज हाक मारतात आणि ती हाक पॅव्हेलियनपर्यंत ऐकू येते.

मीही ती रेघ ओलांडत नाही. कापणीचं यंत्र घेऊन वळसा घालून जाते. मेलेल्या गवताला कसली आलीय कापणी, पण वळसा घालते.

ता. १४ एप्रिल

आज लिहायचंच.

गुरुवारी दुपारी जोराचा वारा होता. पॅव्हेलियनचे पडदे फडफडत होते, मी ते बांधून खाली आले, तर बाबा शेडमधून वाळूचं पोतं ओढत बाहेर काढत होते. एक आधीच कोपऱ्यात नेऊन ठेवलेलं, बरोबर जिथे गोलचा मागचा पाय असायचा तिथे.

मी म्हटलं, "बाबा, काय चाललंय? कंबर धरेल तुमची."

"वारा सुटलाय. गोल कलंडेल."

"गोल नाहीये आता इथे."

"म्हणूनच सांगतो, आधी पोती ठेवायची, मग पोराला आत सोडायचं. आपल्या मोठ्या पोराने ठेवली होती. मी काढली."

दादा, मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी परत विचारलं, "कोणी काढली?"

"मी. खेळपट्टीवरची ताडपत्री उडायला लागली होती. उद्याचा सामना, खेळपट्टी भिजली तर सगळे माझ्या नावाने बोंब मारणार. पोती कमी पडत होती. म्हटलं, दोर बांधून होईपर्यंत ही नेतो, लगेच आणून ठेवतो." मग माझ्याकडे बघून आवाज खाली केला. "मोठ्याला बोलू नकोस काही. त्याने नीट ठेवली होती."

त्यांनी हे एखादं नेहमीचं काम सांगावं तसं सांगितलं. मी त्यांच्या हातातलं पोतं काढून घेतलं आणि त्यांना बाकावर बसवलं. विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, बाबा?"

"ताडपत्री उचलली तेव्हा. सामना रद्द झाला ना. पोती तिथेच होती."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणाला?" म्हणाले, आणि चहा मागितला. त्या वेळी त्यांचं डोकं सहलीला गेलेलं नव्हतं. मी त्यांची मुलगी आहे, मला डोळ्यांवरून कळतं.

आता तुझ्यापुढे सगळं जसंच्या तसं मांडते, कारण मलाही ते एकदा डोळ्यांसमोर मांडून पाहायचंय. तू सतरा वर्षांचा होतास. भिंगरी गोलच्या दांड्याला लोंबकळला आणि वाऱ्यासकट अख्खा गोल त्याच्या अंगावर आला. लोक जमले, गोल कोणी लावला विचारायला लागले. तू ओरडून सांगत होतास, मी पोती ठेवली होती. दोन दिवसांनी तू म्हणालास, मला वाटतं मी ठेवली होती. नंतर काहीच म्हणेनासा झालास. आणि बाबा तुझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगायचे, "पोरगं आहे, राहून गेलं असेल. त्याला कोणी काही बोलू नका." किती मोठ्या मनाचा बाप, म्हणाले सगळे. मीही तेच समजून मोठी झाले. आईसुद्धा तुझ्याकडे बघून उसासे टाकत गेली, आणि तिला आता कोण सांगणार?

एखादी थोबाडीत बसली असती तर तू उलट बोलला असतास. त्या खांद्यावरच्या हातापुढे तुला बोलताच आलं नाही.

मला बाबांचा राग आलाय. असा राग मला कधी आला नव्हता. गुरुवारी त्यांचं ताट वाढलं आणि समोर बसले नाही. त्यांना वरणभात एकट्याने कालवता येईना, तेव्हा आत गेले आणि भरवलं. घास त्यांच्या तोंडात जात होता आणि माझ्या डोळ्यांतून पाणी जात होतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही फार काम करता." सेक्रेटरीच समजले असतील. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि तरीही मनात येतं, त्या ताडपत्रीवरची पोती बघून हा माणूस घरी आला असेल तेव्हा त्याने तुझ्याकडे कसं पाहिलं असेल. तो एवढी वर्षं त्याच मैदानावर रेघा आखत राहिला. मला त्यांची कीवही येते. दोन्ही एकदम येतं, आणि त्यातलं एकही कमी होत नाही.

तुला कळवूच नये, असंही वाटून गेलं. बाबा चार दिवसांनी हेही विसरतील, मशीन येऊन कोपरा खणून नेईल, तुझं तिकडे सवयीने चाललंय. मूग गिळून बसणं या घरात सगळ्यांना छान जमतं, मलाही जमलं असतं. पण वहिनी सांगतात, तू मुलींना बागेतल्या झोपाळ्यावर बसू देत नाहीस. घरातल्या कपाटांना भिंतीत खिळे मारून ठेवलेत, आणि तरी रात्री हलवून बघतोस. मुलींच्या शाळेतली क्रीडास्पर्धा तू एकदाही पाहिलेली नाहीस. वहिनींना वाटतं तुझा स्वभावच तसा. त्यांना तू भिंगरीबद्दल सांगितलंयस का, हे मला ठाऊक नाही. नसशील तर हे पत्र त्यांना वाचायला दे.

मशीन पुढच्या आठवड्यात येणार आहे. मी त्यांना थांबवणार नाही. थांबवून काय सांगू, आमच्या घरातलं एक मैदान इथे आहे, ते वगळून खणा? त्यांनी खणावं. पण तू त्याआधी ये.

सुरुवातीला लिहिलं होतं, बाबा ओळखताहेत तोवर ये. ते खोडते. त्यांना जाब विचारायचा असेल तर विचार, मी मध्ये पडणार नाही. ते कदाचित तुला कंत्राटदाराचा माणूस समजून चहा विचारतील. तू न पिता उठलास तरी चालेल. पण ये. तू पोती ठेवली होतीस, दादा. नीट ठेवली होतीस. हे तुला कोणीतरी त्या जागेवर उभं राहून, तोंडाने, मोठ्याने सांगायला हवं, आणि सांगू शकेल असं आता मीच एकटी उरले आहे. त्या रेघेच्या आत मी अजून पाऊल टाकलेलं नाही. तू आलास की आपण दोघं मिळून जाऊ.

तुझी छोटी,
आणि भिंगरीची ताई