खांद्याइतकी भिंत

आई,

पिपरी मेघेला आमच्या घराचं बांधकाम चालू आहे. काल मिस्त्रीनं विचारलं, स्वयंपाकघरातला ओटा किती उंच ठेवू. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि हातानं दाखवलं, इथपर्यंत. त्यानं माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि म्हणाला की तुमच्या मानानं बुटका होईल, रोज वाकावं लागेल. म्हटलं, होऊ दे. तो हात माझ्या कमरेच्या नाही, तुझ्या कमरेच्या हिशेबानं थांबला होता, हे त्या बिचाऱ्याला काय सांगणार? तेव्हापासून तू डोक्यातून हलत नाहीस, म्हणून शेवटी लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुझ्याहून पांढरे आहेत. तरी तुझ्याशी बोलायला लागलं की माझं वय फ्रॉकच्या पुढं सरकत नाही.

तू पहिल्यांदा ओटा पाहिलास तो त्या तलावावरच्या घरात. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, नोकरी नेईल तिथं एकटेच खाट टाकून राहायचे, आणि तू मला अन् धाकट्या भावाला घेऊन गावी, रोहण्याला. मग खात्यानं धरणावर, जंगलाच्या पोटात, नवी घरं बांधली आणि बाबांना त्यातलं एक मिळालं. सेलूला एसटीतून उतरून आपण खात्याच्या ट्रकमध्ये बसलो. मी ताडपत्रीच्या फटीतून पाहत होते, धाकटा तुझ्या मांडीवर झोपला होता. सागाचं जंगल संपता संपेना. मग ट्रक एका टेकडीच्या माथ्यावर आला आणि समोर ते पाणी पसरलं. टेकड्यांच्या मागून टेकड्या, आणि त्यांच्या पायाशी, जिथं म्हणून नजर जाईल तिथं, पाणी. तू घाईघाईनं पदर डोक्यावर घेतलास. मोठं माणूस अचानक समोर आलं की घ्यायचीस, अगदी तसा. बऱ्याच वेळानं हळूच म्हणालीस, "एवढं पाणी, अन् कोणीच भरून नाई राह्यलं."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण ज्या बाईनं आदल्या उन्हाळ्यात पहाटेच्या अंधारात लेकीला उठवून विहिरीवर रांग धरली होती, तिला दुसरं काय सुचणार होतं?

आठ घरं होती, एका ओळीत, चुन्याचा वास अजून ओला. अंगणापलीकडे गवताचा उतार, आणि उतार संपला की तलाव. गंमत अशी की सगळ्या घरांचं तोंड रस्त्याकडे होतं. पाहुण्यांच्या खोलीला धूळ आणि येणारे-जाणारे ट्रक, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला अख्खा तलाव. बाबा हसून सांगायचे की नकाशा काढणाऱ्यानं दूर शहरात बसून काढला, त्याच्या कागदावर पाणी नव्हतंच. तू मात्र पहिले काही दिवस त्या खिडकीकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. तुझं भांडण ओट्याशी होतं. चांगला काळा कडप्पा, पण त्याच्यापुढं उभं राहून स्वयंपाक करायचा हे तुला पटेना. "उभ्यानं रांधलेलं पोटात बसत नाई," असं बाबांना सुनावून तू शेगडी खाली फरशीवर मांडलीस, पाट घेतलास आणि काठवटीत पीठ मळायला बसलीस. बसल्यावर खिडकीतून दिसे ते फक्त आभाळ. रिकाम्या ओट्यावर मी दप्तर घेऊन चढले. अभ्यास तिथंच, जेवण तिथंच, आणि गृहपाठाचं नाव करून पाणकोंबड्या पाहणंही तिथंच. तू खालून ओरडायचीस की पोरगी आहे का वांदर.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. बाबा कामासाठी वर्ध्याला गेले होते, धाकटा गोधडीत. तू खाली भाकर थापते आहेस, मी ओट्यावर पाय दुमडून बसले आहे, तोंडातून वाफ काढून काचेवर बोटानं रेघा ओढते आहे. तलावाचा एक चिंचोळा फाटा आपल्या घरासमोरून आत जंगलात शिरतो, त्याच्या पलीकडच्या काठावर धुकं बसलेलं. अचानक तिकडची वानरं खाकरल्यासारखी ओरडायला लागतात. मग गवत दुभंगतं आणि ती बाहेर येते. इतकी सावकाश की जणू सगळी सकाळ तिच्या मालकीची आहे. मी म्हणते, आई, उठ. तू म्हणतेस, भाकर तव्यावर आहे. मी म्हणते, उठ नं, आणि माझ्या आवाजात काय असतं कोण जाणे, तू पिठाच्या हातानंच उठतेस.

तू माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस आणि तुझा पदर पुन्हा डोक्यावर गेला, या वेळी पिठासकट. ती पाण्याशी आली होती, मान खाली घालून पीत होती. इतक्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं, पण मला तो ऐकू आला असं मी आजही शपथेवर सांगेन. पाण्यात तिचे पिवळे-काळे पट्टे हलत होते. तू माझ्या मनगटाला धरलंस आणि कुजबुजलीस, "बाईमाणूस आहे. लेकरं घेऊन पाण्यावर आली. पाह्य, मी तुले नेत होती नं, तशीच." धाकट्याला उठवू का म्हणून मी विचारलं, तर तू नुसती मान हलवलीस. खाली तव्यावर भाकर करपून धूर झाला, तरी तू हलली नाहीस. ती आली तशी गवतात गेली, वानरं गप्प झाली, आणि तलाव पुन्हा नुसता तलाव झाला. मग तू ती करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घेतलीस आणि सगळी खाल्लीस.

"कोणाले सांगजो नोको," एवढंच म्हणालीस. बायका भितील, आणि भ्याल्या तर इथून जातील, हे तुला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर माझं दप्तर ठेवायला ओट्यावर जागा नव्हती. शेगडी वर चढली होती आणि तू तिच्यापुढं उभी. बाबा परतले, पाहून चकित झाले. विचारलं, हे कसं काय? तू खाली मान घालून म्हणालीस, गुडघे दुखून राह्यले. आई, बाबांनी पुढच्या खेपेला वर्ध्याहून गुडघ्यांसाठी तेलाची बाटली आणली. आणि तू ती इमानेइतबारे गुडघ्यांना चोळत राहिलीस, संपेपर्यंत. मी गोधडीत तोंड खुपसून हसायची. बाबांना खरं कारण कधीच कळलं नाही. ते जाईपर्यंत समजत होते की तलावाच्या हवेनं तुझे सांधे धरले.

ती पुन्हा फार थोड्या वेळा दिसली. पण तुझं पाहणं काही तिच्यापुरतं उरलं नव्हतं. हिवाळ्यात कुठून कुठून बदकं यायची, पाणी काळं करून टाकायची. सांबर गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचं. कधी काहीच नसायचं, नुसता उजेड टेकडीवरून उतरून पाण्यात शिरायचा आणि तू पोळी लाटता लाटता थांबायचीस. रोहण्याला असताना तुझ्या कपाळावर कायमची एक आठी होती. ती तिथं कधी गेली ते मला सांगता येणार नाही, पण गेली. माणूस मोठेपणी नव्यानं चकित व्हायला शिकतं, हे मी पुढं कुठल्याच शाळेत पाहिलं नाही, आणि मी स्वतः शाळेत शिकवण्यात जन्म काढला आहे.

मग एका सकाळी कडेच्या घरातल्या काकूंना धुण्याच्या दगडाजवळ ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. त्यांचं बाळ त्याच अंगणात रांगायचं. त्या इतक्या घाबरल्या की बोलताना दात वाजत होते, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. दोन दिवसांत ठरलं: आठही घरांच्या मागं भिंत, पुरुषभर उंच, वर काचा. सगळ्या कॉलनीनं सुटकेचा श्वास टाकला, बाबाही खूश. तुझ्या हातून मात्र त्या दिवसांत भाजीत मीठ एकदा पडायचं नाही आणि एकदा दोनदा पडायचं.

बाबांच्या खात्याचे साहेब भिंतीची आखणी करायला आले तेव्हा बाबांनी त्यांना चहाला घरी आणलं. तू परपुरुषापुढं, त्यातून साहेबापुढं, कधी आली नव्हतीस. चहासुद्धा माझ्या हाती पाठवायचीस. त्या संध्याकाळी मधल्या खोलीचा पडदा बाजूला झाला आणि तू डोक्यावर पदर घेऊन बाहेर येऊन उभी राहिलीस. बाबांचा कप बशी आणि ओठ यांच्या मध्येच थांबला.

"साहेब, भिंत पाह्यजे," तू म्हणालीस. "माही लेकरं बी त्याच अंगणात खेळतात. पण माह्या खांद्याइतकी ठेवा, वर तार लावा. पाणी दिसू द्या."

साहेबांनी साधेपणानं विचारलं, "पण वहिनी, पाणी तर नळाला येतं ना?"

"येते. पण मागच्या साली आमच्या विहिरीत बादली खाली दगडावर वाजे. आता रोज सकाळी मले पाहाच लागते, का आहे म्हणून."

बाबांनी काहीतरी सारवासारव सुरू केली, पण साहेब उठले. दाराशी बूट काढून, मोज्यांवर, ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापुढं उभे राहिले. त्या वेळी पलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. सूर्य बुडत होता, एवढंच. सगळं पाणी तांबडं, त्यात टेकड्या उलट्या, आणि मधूनच एक मासा उसळून वर्तुळ उठवून जायचा. बाहेर त्यांच्या चहावर साय धरली. जाताना बाबांना म्हणाले, तार दुहेरी लावू, आणि रात्री एक चौकीदार देऊ. कडेच्या काकूंनाही ते चाललं.

मिस्त्रीनं माप घ्यायला तुला अंगणात उभं केलं ते मी पाहिलं आहे, आई. त्यानं दोरी तुझ्या खांद्याशी आणली आणि तू लुगड्याच्या आत किंचित गुडघ्यात वाकलीस, भिंत बोटभर खाली यावी म्हणून. तो म्हणाला, काकू, सरळ उभ्या राहा नं. तू तोंड पाडून म्हणालीस, "गुडघे दुखतात नं बापा." भिंत झाली. आता बसून काहीच दिसत नसे, आभाळसुद्धा निम्मंच, आणि उभं राहिलं की तारांमधून तलाव जसाच्या तसा. हळूहळू त्या ओळीतल्या सगळ्या शेगड्या ओट्यावर चढल्या. कडेच्या काकू तर बाळाला कडेवर घेऊन उभ्या असायच्या.

पुढं बाबांची बदली वर्ध्याला झाली, आणि ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तू दवाखान्यात होतीस. तुझा आवाज बसला होता. खिडकीबाहेर सिमेंटची एक टाकी होती, बाकी काही नाही. एका सकाळी तू मला म्हणालीस, "उभी कर मले." मी आणि धाकट्यानं तुला दोन्हीकडून धरून उभं केलं. तू टाकीकडे पाहिलंस, बराच वेळ, आणि मग माझ्याकडे वळून तोच प्रश्न विचारलास, जो तू त्या सकाळपासून वर्षानुवर्षं मला अधूनमधून विचारत आली होतीस.

"दोनच होती नं लेकरं? मागून गवत हालल्यासारखं वाटलं होतं. तिसरं मागं राह्यलं नसन नं?"

"नाही आई," मी नेहमीसारखी म्हणाले, "दोनच होती. दोन्ही तिच्यासोबत गेली."

तुझा हात माझ्या मनगटावर सैल झाला. धाकट्याला आम्ही काय बोलतोय ते कळलं नाही. आम्ही तुला निजवलं.

नवीन घराच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्यांच्या भिंतीवर उघडते. भिंत चांगली उंच आहे, माझा खांदा काय, माझं डोकंही तिच्या वर जाणार नाही. तरी ओटा तुझ्याच उंचीचा होईल आणि मी त्याच्यापुढं वाकून उभी राहीन. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकते. वाघीण मी पाहिली होती, ते खरं. पण तिची पिल्लं गवतातून बाहेर आली तेव्हा तू माझ्या शेजारी उभी होतीस, पिठाच्या हातांनी, तोंड थोडंसं उघडं, आणि कपाळावर ती आठी नव्हती. आई, ती दोन होती की तीन, मला माहीत नाही. मी तुझ्याकडे पाहत होते.