तुझ्या बाजूचे टाके

१२ ऑक्टोबर, रविवार सकाळ

दादा,

तुझ्या आणि वहिनींच्या पायांना इथूनच हात लावतो. आम्ही सुखरूप आहोत, तुम्हीही असाल असं धरून पुढे लिहितो. शाळेत मास्तरांनी शिकवलेला मायना यापेक्षा बराच लांब होता, पण मला तो निम्माच आठवतोय. तुला सगळा आठवत असेल. त्याच्यापायी छड्या तूच जास्त खाल्ल्यास.

पाकीट बघून वहिनी म्हणतील, फोन असताना हे काय नवीन काढलं भावजींनी! त्यांना सांग, फोनवर तू ‘सगळं ठीक?’ म्हणून विचारतोस, मी ‘ठीक’ म्हणतो, आणि मग आपण दोघे हवेवर घसरतो. तुझ्याकडे किती गार, माझ्याकडे किती गरम. सात महिन्यांत आपल्याकडे एवढी माहिती जमली आहे की हवामान खात्याने आपल्याला नोकरी द्यावी.

पहिलं पान वहिनींना नेहमीसारखं मोठ्याने वाचू दे. दुसऱ्या पानावर मी वर फुली मारली आहे. ते तू एकट्याने वाच.

घराबद्दल तुला नीट असं कधी सांगितलंच नाही. दोन खोल्या, मागे एक अरुंद ओटा. भाडं तिथल्या निम्म्याहून कमी, आणि जळण म्हणून काही विकत आणावं लागत नाही, फक्त स्वयंपाकापुरतं. दारं दिवसभर उघडी. पहिल्याच आठवड्यात मी सवयीने सुरी आणि कापूस घेऊन खिडक्यांच्या फटी बुजवायला बसलो. एक खिडकी पुरी झाली तेव्हा ही मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, “अहो, बाहेर उकडतंय. कुणाला आत येऊ द्यायचं नाहीये तुम्हाला?” तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळा कापूस परत ओढून काढला. एका फटीत थोडा राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी चिमणीने नेला. म्हणजे इथे निदान एका घरात तरी आपला कापूस लागला.

पोरगी शाळेत रमली आहे. तिला आता मोजे घालायला सांगितलं तर ती हसते. हिचे हात हिवाळ्यात भेगाळून रक्त यायचं, ते आता एकदम मऊ झालेत. हे लिहितोय ते तक्रारीचं नाही, बरं का. आम्ही इथे वाईट नाही आहोत.

मी सोफ्याच्या दुकानात लागलो ते तुला माहीतच आहे. फोमचे ठोकळे कापायचे, त्यावर खोळी चढवायच्या. मालक माणूस बरा आहे. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, “आधी काय करायचात?” मी म्हटलं, “रजया.” तो म्हणाला, “हां, म्हणजे हिवाळ्यात. आणि उरलेलं वर्ष?” त्याला काय सांगणार, आमच्याकडे उरलेलं वर्ष नसतंच! तेव्हापासून दुकानात माझं नाव ‘रजईवाले’ पडलं आहे.

फोमला वास नसतो, दादा. तो उडत नाही, नाकात जात नाही, भुवयांवर बसत नाही. सकाळी दुकानात जातो, तसाच्या तसा संध्याकाळी घरी येतो. आपण पंधरा-सोळा वर्षांचे असताना बाबांच्या हाताखाली दिवसभर पिंजून घरी यायचो, आणि आई दारातच म्हणायची, “आले माझे दोन म्हातारे!” मग ओसरीवर उभं करून आपलं डोकं फडक्याने झटकायची. परवा मी आरशात बघून सवयीने केस झटकले. काही पडलं नाही. आता जे पांढरं आहे ते झटकून जाणारं नाही.

आणि आपलं शिवणं. ते इथे कुणाला सांगून कळणार नाही. जमिनीवर रजई पसरलेली, तू उजव्या कोपऱ्यात, मी डाव्या. मधे सगळा कापूस फुगलेला, त्याच्या पलीकडे तुझं डोकं तेवढं दिसायचं. तुझा टाका बारीक, किंचित उताराला. माझा लांब आणि घाईचा. तू म्हणायचास, “हा टाका आहे की बेडकाची उडी?” मी म्हणायचो, “बेडूक तुझ्याआधी पोचतो बघ मध्यावर.” आणि बाबांचा एकच नियम, की समोरच्याचा टाका वाईट दिसला तरी आपण उसवायचा नाही. ज्याचा त्याने उसवायचा.

मी देवाजवळ रोज सकाळी बसतो, तेव्हा मन लावायला म्हणून डोळे मिटले की मला देवाऐवजी तीच खोली दिसते. शेगडीवर वाळत घातलेले मोजे, काचेवर गोठलेली वाफ, आणि तुझं खाली घातलेलं डोकं. देव त्याबद्दल रागावत नसावा.

आई बरी आहे.

वहिनींना नमस्कार. एवढं वाचून झालं की हे पान त्यांच्याकडे राहू दे.

×

दादा, आता तू एकटा आहेस असं समजून लिहितो.

‘आई बरी आहे’ हे मी तुला दर आठवड्याला फोनवर सांगतो. खोटं नाही. खोकला खरोखरच कमी झाला आहे. जेवते, औषध घेते. पण ती दिवसभर खिडकीशी खुर्ची लावून बसते आणि ती निळी रजई मांडीवर घेते. असल्या उकाड्यात! निघायच्या दिवशी ती रजई आपल्या दोघांमधे अर्धीच पडली होती, आठवतं? माझी बाजू उड्या मारत मध्यापर्यंत आली होती, तुझ्या चारच ओळी झाल्या होत्या. तू आईला उचलून गाडीत बसवलंस, ती रजई दाभणासकट घडी करून तिच्या गुडघ्यांवर टाकलीस आणि पाठ फिरवलीस. ती तशीच अर्धी आहे. आई तुझ्या त्या चार ओळींवरून बोट फिरवत बसते.

ऑगस्टमध्ये तिने तुला फोनवर सांगितलं, “मला घरी ने.” आणि तू म्हणालास, “आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलीस का? हट्ट नको करूस.” तुझा आवाज भरला होता, तो मलाही ऐकू आला. त्यानंतर ती तुझ्याशी फोनवर बोललेली नाही. तू विचारलंस की मी सांगतो, झोपली आहे. ती झोपलेली नसते. समोर बसलेली असते आणि ‘नाही’ म्हणून मान हलवते.

मला वाटलं, ती रजई एकदा पुरी झाली की तिचा जीव शांत होईल. मी म्हटलं, “दे आई, पार्सलने दादाकडे पाठवतो. तो त्याची बाजू पुरी करून धाडेल.” तिने लगेच दिली. मी ती तुझ्याकडे पाठवली नाही. दुकानात नेली. जेवणाच्या सुट्टीत फोमच्या ठोकळ्यांआड बसायचो, उजव्या कोपऱ्यात, तुझ्या जागेवर, आणि तुझ्यासारखं शिवायचो. बारीक टाका, थोडा उताराला. अकरा दिवस लागले. मला ते साधलं असं वाटलं. खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला.

गेल्या रविवारी दुपारी रजई तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, “आलं बघ पार्सल.”

तिला आता नीट दिसत नाही, पण तिने डोळ्यांनी बघितलंच नाही. बोटं चालवली. पहिल्या चार ओळींवर म्हणाली, “हा थोरला.” पाचव्या ओळीवर बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. आणि मग ती हसली, दादा. सात महिन्यांत पहिल्यांदा.

“आणि हा कोण?”

“कोण म्हणजे? दादाच की.”

“थोरला दोरा संपला की गाठ आत दडवतो. ही बघ, वर राहिली आहे. हा तूच आहेस. सांगून सांगून दमले तुला लहानपणापासून.” मग तिचं हसणं थांबलं. तिने बोट त्या गाठीवरच ठेवलं होतं. “तू त्याच्या नावाने का शिवलंस रे?”

ती रागाने बोलली असती तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण तिने खरंच विचारलं होतं. मी खाली तिच्या पायाशी बसलो आणि म्हटलं, “आई, मी डॉक्टरांच्या नावानेही बोललो.”

आता तुला सांगतो, जे तिला सांगितलं ते.

फेब्रुवारीतली ती दुपार. मी आईला दवाखान्यातून आणून शेगडीजवळ बसवलं आणि पुढे आपल्या दुकानात आलो. तू पिंजत होतास. हात न थांबवता विचारलंस, “काय म्हणाले?” आणि मी म्हणालो, “गरम हवेच्या ठिकाणी न्या म्हणाले. नाहीतर पुढचा हिवाळा निघायचा नाही.” कापूस पिंजायची तुझी धनुकली थांबली. कामाच्या मधेच तुझी धनुकली थांबलेली मी त्याआधी एकदाच पाहिली होती, बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा.

डॉक्टर असं म्हणाले नव्हते. आईला बाहेर बसवून त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, “छाती जुनी आहे. गरम ठेवा, औषध चुकवू नका. पण या वयात त्यांना त्यांच्या घरातून, त्यांच्या माणसांतून हलवू नका.” एवढंच. पायऱ्या उतरेपर्यंत मला ते शब्द जसेच्या तसे आठवत होते. दुकानाच्या दारापर्यंत येताना मी ते उलटे केले.

एका दुकानावर दोन घरं चालत नव्हती, हे तुलाही कळत होतं आणि मलाही. आपण दोघे त्याबद्दल बोलत नव्हतो. तू कधीच बोलला नसतास, आपलं ताट माझ्याकडे सरकवत राहिला असतास. ‘मी दुसरीकडे जाऊन बघतो’ असं सरळ म्हणालो असतो तर तू हो म्हणाला असतास, हेही मला ठाऊक होतं. पण मग आई तुझ्याकडे राहिली असती. ते ठरलेलंच होतं, त्यात विचारायचं काय! आणि मला तिच्याशिवाय जायचं नव्हतं. दादा, मला पन्नासावं लागायला आलं आहे आणि हे लिहिताना लाज वाटते, पण त्याला दुसरं कारण नाही. मला आई हवी होती. म्हणून मी ती तुझ्याकडून डॉक्टरांच्या तोंडून मागून घेतली, आणि तू ती उचलून गाडीत बसवून दिलीस.

सात महिने मी देवाला सगळं सांगत आलो, पोरीच्या गुणांपासून ते मालकाच्या गुडघ्यापर्यंत. हे सोडून. त्याला माहीत असणारच. पण मी सांगितलं नाही.

गेल्या रविवारी मी आईला हे सांगत होतो तेव्हा ही दारातच उभी होती, तिलाही तेव्हाच कळलं. ती हातातलं भांडं खाली ठेवून ओट्यावर जाऊन बसली. आई त्या रात्री जेवली नाही. सोमवारी सकाळी मी कामाला निघालो तेव्हा तिने हाक मारली. म्हणाली, “माझं सगळं तुम्ही दोघांनी ठरवलंत. त्याने नाही म्हटलं, तू खोटं बोललास. मला कुणी विचारलंत का?”

मी पायातली चप्पल काढून पुन्हा आत आलो.

“थोरल्याला कळव. फोनवर नको. फोनवर तू अर्धं सांगशील आणि म्हणशील आवाज येत नाही. लिही.”

तिने आपलं गाठोडं त्याच दिवशी बांधलं. लिहायला मला मात्र रविवार उजाडावा लागला. रोज संध्याकाळी ती विचारायची, “लिहिलंस?” आणि मी ‘उद्या’ म्हणायचो. मधल्या एका दिवशी तिने दाभण मागितलं आणि माझ्या हातात दिलं. “उसव.” पाचव्या ओळीपासून मी उसवत गेलो, ती शेजारी बसून निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होती. बाबांचा नियम मोडला नाही. माझेच टाके होते.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. इथे तिचा खोकला कमी झाला हे खरं आहे, आणि तुझ्याकडे हिवाळा तोंडावर आला आहे. काय होईल ते मला सांगता येत नाही. मी तिला हेही सांगितलं. ती म्हणाली, “ते मला माहीत आहे. मी काय पहिल्यांदा बघणार आहे हिवाळा?”

तेव्हा ती येणार आहे. तू काय म्हणतोस यावर ते थांबलेलं नाही, असं तिने मला बजावून लिहायला सांगितलं आहे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी तिला घेऊन निघतो. पोरगी आणि ही इथेच राहतील. आम्ही आता इथले झालो आहोत, ते मोडणार नाही. हिने काल आईचे लोकरीचे कपडे उन्हात घातले, घडी करताना डोळे पुसले, आणि मला म्हणाली, “दादांना लिहा, यात माझाही नमस्कार.”

मला विचारायचं आहे ते माझ्यापुरतं. मी तिला दारापर्यंत आणेन. तिथून परत फिरायचं की आत यायचं, ते तू सांग. आत घेतलंस तर दोन दिवस राहीन. तुला बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. रजई मधे पसर. तुझ्या चार ओळींच्या पुढे सगळं मोकळं आहे, उसवल्यापासून मी तिथे हात लावलेला नाही. माझ्या बाजूला शिवायचं काही उरलेलं नाही, तरी मी समोर बसेन आणि तुला दोरा ओवून देत जाईन.

समोरच्या कोपऱ्यातला,
धाकटा